टपातला मुठा

२२ जून

पाठीवर पडून पेन उलटं धरलं की शाई उतरत नाही. एवढी वर्षं विज्ञान शिकवते, पण हे मला माहीत नव्हतं. म्हणून पेन्सिल.

पडल्यापासूनचा हा तिसरा रविवार. पडले तीही कुठं डोंगरावर नाही, घरच्या पडवीत. पावसाची झड आत येऊ नये म्हणून पडवीला ताडपत्री बांधतो, ती यंदा राहिली होती. संतोष साजगावच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आला होता. म्हणाला, झोप झाली की बांधतो. (नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही, पण वहीत लिहायला कोण अडवतंय.) आता संतोषने मारलेली गाठ म्हणजे वाऱ्याला आवतण. मीच स्टुलावर चढले, गाठ मारली आणि स्टूल सरकलं. गाठ अजून पक्की आहे.

पनवेलच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, कमरेच्या वरचा एक मणका दबलाय, मज्जारज्जू वाचलाय, ऑपरेशन नको. काही आठवडे उताणं पडून राहायचं. कुशीवर व्हायचं तर दुसऱ्यांनी ओंडका वळवावा तसं वळवायचं. पुढं बसायला लागले की पट्टा. पट्टा आणून भिंतीला टांगलाय. धातूच्या पट्ट्यांचं जॅकेटच ते. माझी वाट बघत असल्यासारखं समोर लटकतंय.

माझी कॉट ओटीवर आणलीय. इथून पंखा दिसतो, पंख्यामागची पाल दिसते आणि अर्धं दार दिसतं. ऐकू मात्र सगळं येतं. सासूबाई भात धुताना किती पाणी वाया घालवतात, संतोष झाकण न लावता डबा ठेवतो, सगळं. सांगायला लागले की संतोष म्हणतो, "तू पड गं गप." पडूनच तर आहे.

सगळं माझी लेक सोनाली करते. बारावी झाली, सीईटी झाली. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाची यादी लागायची वाट बघतेय. लहानपणापासून ओढ्यातले मासे बाटलीत घालून उशाशी ठेवणारी पोर. आता बाटल्यांच्या जागी माझं बेडपॅन आलंय. तोंड वाकडं करत नाही. मला मात्र रोज सकाळी रडू येतं आणि उताणं असल्यामुळं ते कानात जातं.

२६ जून

गायकर सर येऊन गेले. आमचे मुख्याध्यापक. केळी आणली होती, चार चांगली, बाकी दबलेली.

चहा झाल्यावर मुद्द्यावर आले. शाळा विनाअनुदानित. विज्ञानाला माणूस नाही, पालक विचारतात. नवा माणूस घेतला तर तो पुन्हा जागा सोडेल याची खात्री नाही.

"म्हणून म्हणतो बाई, तुम्ही उभ्या राहीपर्यंत सोनालीला पाठवा. पाचवी-सहावीचे तास. जागा घरातच राहील."

सोनाली दाराशी कप घेऊन उभी होती. म्हणाली, "यादी लागेपर्यंतच हं सर."

"हो गं, तेवढंच."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. ही नोकरी मी दोनदा सोडता सोडता राहिलेय. एकदा सोनालीच्या वेळी, एकदा सासऱ्यांच्या आजारपणात. आता पाठीपायी जाऊ द्यायची नाही. तिलाही आवडेल. बाईच्या पोटची आहे.

ती कप विसळत बसली. बराच वेळ विसळत होती.

४ जुलै

आज तिनं माझा हुकमी धडा घेतला. पृष्ठवंशीय आणि अपृष्ठवंशीय.

माझी पद्धत अशी. फळ्यावर मधोमध उभी रेघ. डावीकडे पाठीचा कणा असलेले: मासे, बेडूक, साप, पक्षी, आपण. उजवीकडे कणा नसलेले: गांडूळ, गोगलगाय, खेकडा, जळू, किडे. उतरवून घ्या, पाठ करा. आणि दर वर्षी चाचणीत अर्धा वर्ग साप उजवीकडे लिहितो. वेटोळं घालतो, बिळात शिरतो, त्याला कसलं हाड, असं पोरांना वाटतं. मी दर वर्षी लाल शाईनं खोडते.

हिनं फळ्याला हातच लावला नाही म्हणे. विचारलं, काल घरी कालवण कशाचं होतं? जेवताना मधला काटा कशाचा काढून ठेवता आणि कशाला काटाच नसतो? बस, वर्ग पेटला. बांगडा, मांदेली, कोळंबी, मुठे. एक जण ओरडला, बाई, बोंबलाचा काटा तर खाल्ला जातो! त्यावर भांडण. मग म्हणे सगळ्यांनी एकमेकांच्या पाठीवरून बोट फिरवून मणके चाचपले. गुदगुल्या, किंकाळ्या. गायकर सर बघायला आले.

"आणि साप?" मी विचारलं. म्हटलं, इथं अडकली असणार.

"वरच्या वाडीतल्या धाऊची मुलगी म्हणाली, बांधावर मेलेला साप होता, त्याचं मुंग्यांनी सगळं खाल्लं, मग नुसती काट्यांची माळ उरली. झालं, सगळ्यांना कळलं."

मी हसले आणि हसताना पाठीतून असा चमका निघाला की डोळ्यांपुढं काजवे. सोनाली घाबरली, शेक घेऊन आली. तास तिथंच राहिला.

पण व्याख्या पाठ करून घेतली नाही. ते मी सांगितलं तिला.

१३ जुलै

वरच्या वाडीतली जना मुठे घेऊन आली. शेतातले खेकडे, पाय बांधलेले, टोपलीत खडखडत होते. पाठ मोडल्यापासून ती दर आठवड्याला आणते आणि सासूबाई पाट्यावर वाटून, गाळून, मिऱ्याचा रस्सा करतात.

"पे बाय," जना म्हणते. "हाडाला हाड धरतंय त्यानं."

मी तिला सांगितलं, अगं त्याला स्वतःलाच हाड नाही, मला कुठून देणार?

"नाय कसं? सगळं हाडच की वरनं," जना म्हणाली. "मऊ ते आत."

याला बाह्यकंकाल म्हणतात, हे सांगून तिचं काही भलं होणार नव्हतं. रस्सा प्याले. बरा लागतो.

आता दिवसातून दोनदा बसवतात. बसायच्या आधी, पडलेली असतानाच, सोनाली मला कुशीवर वळवते, पट्टा खाली सरकवते, परत वळवते आणि पट्टे आवळते. आवळला की श्वास अर्धाच जातो. पण सुरक्षित वाटतं. कुणीतरी मागून घट्ट धरल्यासारखं. ते तिलाच जमतं. संतोष आवळतो तो टेंपोला ताडपत्री बांधल्यासारखा.

२५ जुलै

श्रावण लागला. काल अमावास्येला घरानं मनसोक्त खाऊन घेतलं. जनाच्या टोपलीतला एक मुठा बादलीमागं दडून राहिला, तो आज सकाळी सापडला. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. आता गणपती जाईपर्यंत त्याला कोण खाणार?

"नशीब घेऊन आला रांडेचा," म्हणाल्या.

सोनालीनं त्याला कपडे भिजवायच्या टपात ठेवलं. चिखल, दोन दगड, बोटभर पाणी. शाळेत नेऊन दाखवला आणि परत आणून माझ्या कॉटजवळ ठेवला. "तुला सोबत," म्हणाली.

तांबूस-काळपट, हाताच्या तळव्याएवढा. टपाच्या कडेनं फिरतो, नांग्या उभारतो, घसरतो, परत फिरतो. मी पडल्या पडल्या आरसा तिरका धरून त्याला बघते. दोघांचीही येरझार सारखीच, त्याची टपात, माझी छतावर.

२७ जुलै

यादी लागली. सोनालीचं नाव आहे! रत्नागिरी. तीस तारखेच्या आत जाऊन कागद दाखवायचे.

संतोषनं पेढे आणले. सासूबाई म्हणाल्या, मासं धरायला कॉलेज कशाला लागतं, पण दोन पेढे खाल्ले. मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, जायचंच. माझं काय, मी बघेन.

गायकर सरांना फोन केला. ते म्हणाले, अभिनंदन, पण मग मला दुसरा माणूस बघावा लागेल बाई, तुम्ही समजून घ्या. मी घेतलं समजून.

संध्याकाळी तिनं पट्टा बांधताना मी विचारलं, तिकडं गेल्यावर हा कोण बांधणार? सहज विचारलं.

ती म्हणाली, "बाबांना शिकवते."

२९ जुलै

नागपंचमी. पाटावर नागोबा काढून सासूबाईंनी दूध-लाह्या वाहिल्या.

बॅग भरून झाली होती. बापलेक सकाळच्या गाडीनं निघणार होते. आणि पहाटे, तिनं बॅगेची चेन ओढली त्याच वेळी, मला कळ आली. अशी की ओरडलेच. कमरेतून निघून डाव्या पायात उतरली. बोटं गार पडली. आठवडाभरात अशी आली नव्हती.

संतोषनं पनवेलला फोन लावला, डॉक्टर म्हणाले बोटं हलतात ना, मग घाबरू नका, गोळी द्या. गोळी दिली. सोनाली पायाशी बसून राहिली, माझी बोटं चोळत. गाडीची वेळ टळली.

मी म्हटलं, उद्या जा. अजून मुदत आहे. ती म्हणाली, "तुला असं टाकून?"

मी अडवलेलं नाही. हे लिहून ठेवते, कारण सासूबाईंची नजर मला आज आवडली नाही.

३१ जुलै

मुदत संपली. सोनाली म्हणते दुसरी यादी लागते, बघू. काल आणि आज कळ आली नाही. देवाची कृपा.

शाळेत गेली. माझी छत्री घेऊन, माझा डबा घेऊन.

४ ऑगस्ट

पनवेलला जाऊन आले, भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर आडवी. नवा फोटो काढला. डॉक्टरांनी तो दिव्यासमोर धरला आणि पेनानं दाखवलं. मणका जुळलाय. थोडा चेपलेला राहील, पण पक्का.

"आता रोज थोडा थोडा वेळ पट्टा काढून बसा, चाला. वाढवत जा. त्याच्या भरवशावर राहिलात तर पाठीचे स्नायू काम विसरतील. तुम्ही तर शिकवता बाई. आपला आधार आत असतो, खेकड्यासारखा बाहेर नसतो."

डॉक्टरांना विनोद सुचतात. एकदा पडून बघा म्हणावं.

घरी येऊन पट्टा काढून पाहिला. सोनालीनं दोन्ही हात धरले होते. पाठीत नुसती पोकळी. वाटलं, कमरेपासून वरचा भाग आता घडी पडून खाली येणार. "बांध, बांध," मी ओरडले. तिनं बांधला.

घाई कशाला. पडले तीही घाईनंच.

१० ऑगस्ट

मुठा खात नाही. सोनालीनं भाताची शितं टाकली, गांडूळ टाकलं, शिवत नाही. एका दगडाच्या आडोशाला पाय आखडून बसलाय. रंगही उतरलाय. मरणार बहुतेक. तो मेला तर मला वाईट वाटेल, हे कुणाला सांगायची सोय नाही.

मी पट्टा घालून पडवीपर्यंत जाते. शौचाला जाते. एवढं खूप झालं. दुपारी सासूबाई शेंगा सोलत कॉटशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "सोनूला तिकडं धाडायची व्हती."

"मी कुठं नाही म्हटलं, आई? मला काय हौस आलीय दुखायची?"

"दुखतंय ते खरंच दुखतंय गं तुला, मी नाय म्हणत नाय," शेंगा सोलतच बोलल्या. "पण तुज्या दुखण्याला घड्याळ कळतं."

माझा असा संताप झाला! उठून जाता येत नाही, तोंड फिरवायचं तरी किती फिरवणार? भिंतीकडं बघत पडून राहिले. स्वतःची लेक असती तर असं बोलल्या असत्या का?

१५ ऑगस्ट

सोनाली झेंडावंदनाला माझी निळ्या काठाची साडी नेसून गेली. परतताना सहावीची पोरं घरापर्यंत आली, हातात जिलेबीचे पुडे. मला "मोठ्या बाई" म्हणाली. हिला "बाई".

गायकर सरही आले. म्हणाले, वर्षभर हिलाच ठेवू, तुम्ही सावकाश या, दोघी मिळून विभाग सांभाळा. मला तर स्वप्नच वाटलं. एका घरात दोन बाई. पुढं तिनं बी.एड. केलं की इथंच, चौक गावात, घरापासून रिक्षाच्या अंतरावर! पोरींना याहून काय हवं?

मी तसं बोलूनही दाखवलं. पोरं टाळ्या वाजवू लागली. सोनालीनं पदर खोचला आणि माझ्यासारखं दोनदा बोट आपटून म्हणाली, "गप्प बसा." पोरं गप्प. हुबेहूब मी. सगळे हसले.

ती नाही हसली. थकली असेल. साडीत चालायची सवय नाही.

१७ ऑगस्ट

दुसरी यादी परवाच लागली. तिचं नाव परत आहे. हे मला तिनं सांगितलं नाही, संतोषनं सांगितलं. बावीसपर्यंत मुदत.

"का नाही सांगितलंस?"

ती टपातलं पाणी बदलत होती. मान वर न करता म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू ना आई. तू बरी हो."

"अगं जा की. मी म्हणतेय जा."

"हो."

एवढंच. मी जा म्हटलं, ती हो म्हणाली, आणि कुणीच काही केलं नाही. संतोषनं रजेचंही विचारलं नाही. घरात सगळे असे माझ्या आजूबाजूनं पावलं न वाजवता चालतात. मी काय वाघ आहे?

१९ ऑगस्ट

आज जे झालं ते नीट लिहायचंय.

पाऊस धुवांधार, शाळांना सुट्टी दिली. दुपारी जेवणं झाल्यावर सोनाली ओटीवर अभ्यासाचे कागद तपासत बसली होती. मी कॉटवर, नुकती पडलेली, पट्टा उतरवून उशाशी ठेवलेला. एवढ्यात ती म्हणाली, "आई, मुठा फुटला!"

मला वाटलं मेला. मान वळवून पाहिलं तर पाठीची ढाल मागच्या बाजूनं उचकटली होती, डब्याचं झाकण अर्धवट उघडावं तशी. आणि त्या फटीतून काहीतरी फिकं, ओलं, मऊसर मागं मागं सरकत होतं.

कात टाकत होता! वर्षानुवर्षं मी एक वाक्य शिकवलंय, 'संधिपाद प्राणी वाढीच्या काळात बाह्यकंकाल टाकतात.' उतरवून घ्या. पाठ करा. प्रत्यक्षात कधी पाहिलं नव्हतं. साप नुसती कातडी टाकतो, हाडं त्याची त्याच्यापाशीच राहतात. हा आपला अख्खा सांगाडा टाकतो. पायांचा, नांग्यांचा, डोळ्यांच्या देठांचासुद्धा. जुन्या घरात मावत नाही आणि घर वाढत नाही, मग करणार काय.

थांबत होता, परत रेटत होता. एकेक पाय ओल्या हातमोज्यातून बोट निघावं तसा निघत होता. डावीकडचा मागचा एक पाय मात्र अडकला. तो ओढतोय, सुटत नाही. सोनालीनं हात पुढं केला.

"हात लावू नकोस! ओढशील तर तुटेल."

"पण अडकलाय गं."

"असू दे. त्याचं त्याला करू दे."

किती वेळ गेला, माहीत नाही. शेवटी तो जोरानं मागं सरला आणि सुटला. पाय तिथंच राहिला, जुन्या कवचात. सोडून दिला त्यानं. पुढच्या खेपेला नवा येतो, हे मी सोनालीला सांगितलं, ते पुस्तकातलंच. मग टपात दोन मुठे दिसले. एक रिकामा, जसाच्या तसा, नांग्या उभारलेला. दुसरा सात पायांचा, फिका, मोठा आणि भिजल्या कागदासारखा मऊ, दगडाखाली शिरत चाललेला.

आम्ही दोघी हसत होतो. सोनालीचे डोळे लकाकत होते, बाटलीतले मासे दाखवायची तेव्हासारखे. दारातून सासूबाई म्हणाल्या,

"छाया, पट्टा कुठाय गं?"

मी टपाशी जमिनीवर बसले होते. गुडघे मोडून, वाकून, दोन्ही हात टपाच्या कडेवर. कॉटवरून केव्हा उतरले ते आठवत नाही. कुणी वळवलं नव्हतं, कुणी धरलं नव्हतं.

सोनालीनं माझ्याकडं पाहिलं. मग उशाशी पडलेल्या पट्ट्याकडं. परत माझ्याकडं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. काही विचारलं असतं तरी चाललं असतं. तिनं माझ्या काखेत हात घालून मला उठवलं, कॉटवर निजवलं, कुशीवर वळवलं, पट्टा सरकवला आणि आवळला. नेहमीच्याच भोकापर्यंत. मग कागद गोळा करून आत गेली.

त्यानंतर कळ आली, हे खरं आहे. वाकल्यावर येणारच. पण वाकले होते तेव्हा नव्हती आली. हेही खरं आहे आणि हे खोडरबरानं जाणार नाही.

गोष्टीचं तात्पर्य विचारणं हे मराठीच्या बाईंचं काम. मी विचारत नाही. मला झोप येत नाहीये, एवढंच.

२० ऑगस्ट

सकाळी ती पट्टा बांधायला आली. मी म्हटलं, राहू दे.

"पडशील."

"पडेन तर पडेन. इथंच उभी राहा, पण धरू नको."

भिंतीला धरून दारापर्यंत गेले. पाठीत ती पोकळी होतीच, पण घडी पडून खाली आले नाही. पडवीत ताडपत्रीची गाठ दिसली. पक्की आहे. संतोषला म्हटलं, रजा टाका. गायकर सरांना मीच फोन केला. म्हटलं, सोनाली उद्यापासून येणार नाही. तुम्हाला माणूस घ्यायचा तर घ्या. मी सोमवारी येते, एक तास बसून घेईन, जमेल तसं वाढवेन. नाही चाललं तर तसं सांगा.

ते म्हणाले, "बघतो बाई." म्हणजे काय ते सोमवारी कळेल.

सोनालीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "परत दुखलं तर?"

मी काय सांगणार? तिला खरं वाटावं असं माझ्याकडं काही उरलं नव्हतं.

२१ ऑगस्ट

बॅग आज तिनं माझ्यासमोर भरली नाही, आतल्या खोलीत भरली.

मी तिला माझं भिंग दिलं, डी.एड.ला असताना घेतलेलं.

२२ ऑगस्ट

कळ आली.

पहाटे, आतल्या खोलीत चेन ओढल्याचा आवाज झाला तेव्हाच. तिथंच, कमरेतून डाव्या पायात. मागच्या वेळेइतकीच खरी. मी सोंग करत नव्हते तेव्हा, हे आज मला स्वतःला कळलं. आणि सोंग नव्हतं म्हणून काय झालं, हेही कळलं. उशीचा कोपरा दातांत धरला, क्षणभर थांबले आणि उठून बसले. बोटं हलत होती.

ती आली तेव्हा मी दारात उभी होते, पट्ट्याशिवाय, चौकटीला खांदा लावून. रिक्षा आली होती. संतोषनं बॅग ठेवली.

तिनं पाया पडताना वर पाहिलं. "दुखतंय?"

"नाही."

"खरं?"

"जा. पनवेलला गाडी चुकेल."

ती उठून उभी राहिली. मग माझ्या पाठीवर हात ठेवला, पट्टा नसलेल्या पाठीवर, मणक्यांच्या ओळीवरून बोट खाली आणलं, सहावीच्या पोरांना शिकवलं होतं तसं. जिथं दबलाय तिथं थांबली. "आहेत सगळे," म्हणाली. आणि गेली.

रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली तोवर उभी होते. मग चौकट सोडली. मागं सासूबाई पाट घेऊनच उभ्या होत्या. पाटावर बसवलं, शेजारी बसल्या.

"दुखतंय ना गं?"

"हो."

"लय?"

"लय."

त्या तळहात पाठीवर ठेवून बसून राहिल्या. त्या हाताचं वजन पट्ट्याहून कमी होतं आणि मी ओक्साबोक्शी रडले. या वेळी रडू कानात गेलं नाही, नीट गालावरून खाली आलं.

नंतर टपात पाहिलं. जुनं कवच अर्धं खाल्लेलं होतं, टाकलेलं तेच खाऊन ते नवं घट्ट करतात. मुठा नव्हता.

"मीच सोडला," सासूबाई म्हणाल्या. "घट झाला व्हता. न्हाणीमागं बीळ केलंय."

"गणपतीनंतर रस्सा करणार होतात ना?"

"कुणासाठी? तुजी पाठ बरी झाली."

दुपारी संतोषचा फोन आला, पोचलो. मग तिचा आवाज, मागं माणसांचा गलका, ती घाईत, "आई, इथं समुद्राचा वास येतो," आणि फोन कट झाला. परत लावला नाही. नवीन जागा आहे, रमू दे.

अजून दुखतंय. टेबलाशी खुर्चीत बसलेय. सोमवारच्या तासाचं टाचण काढलंय. टेबलाच्या खणात माझं जुनं पेन सापडलं. आजची नोंद त्यानंच लिहिली.